मासे पकडत नाही, तरी ट्राउटचे ओढे वाचवायच्या कामाला जावं का?

तुम्ही विचारलंय: अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला नवीन आहे, गळ कधी हातात धरलेला नाही, ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचे ओढे राखणाऱ्या ट्राउट अनलिमिटेड या संस्थेची इथली शाखा ओढ्याकाठची झाडं तोडायला माणसं बोलावतेय, हे संवर्धन कसलं आणि आपण जावं का?

जा. मी नऊ वर्षं जातेय आणि आजवर एकही मासा पकडलेला नाही. पण "झाडं तोडणं हे संवर्धन कसलं" हे मी आधी ऐकलंय, सख्ख्या मामांच्या तोंडून, म्हणून लिहायला बसले.

2019 चा जानेवारी. धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं, आई नाही म्हणून चिपळूणहून मामा-मामी आले होते. एका शनिवारी मामांना सोबत नेलं. ब्लॅक अर्थ क्रीकला मिळणारा लहानसा ओढा, उणे 12 तापमान, गुडघाभर बर्फ आणि मधून वाहणाऱ्या पाण्यातून निघणाऱ्या वाफा. काठाला वॉटरक्रेस नावाची पाणवनस्पती हिरवीगार. मामांनी हातमोजा काढून हात बुडवला. "अगं, हे तर कोमट लागतंय!" होतं सात-आठ अंशच. इथल्या झऱ्यांचं पाणी चुनखडीतून आणि वालुकाश्मातून येतं, बारा महिने नऊ-दहा अंशांचं. थंडीत गोठत नाही, उन्हाळ्यात तापत नाही. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ट्राउटचे हाल सुरू होतात, त्यामुळे सगळी मदार या झऱ्यांवर.

मग करवती सुरू झाल्या. बॉक्स एल्डरचं पहिलं झाड आडवं झालं तसे मामा वळले आणि गाडीत जाऊन बसले. आम्ही फांद्या ओढत होतो, ढीग रचून पेटवत होतो, ते काचेतून बघत होते. रात्री घरच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज: "भाची अमेरिकेत नदीकाठची झाडं तोडून जाळते." चाळीस माणसांचा ग्रुप. का तोडतेस, हे एकानेही मला विचारलं नाही.

आता इथे सांगते. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या शेतकऱ्यांनी डोंगरउतार नांगरले. माती धुपून खाली दरीत साचली, काही ठिकाणी पुरुषभर उंच. त्या गाळातून ओढ्याने खोल चर पाडला आणि दोन्ही बाजूंना उभे, कच्चे काठ राहिले. त्यावर बॉक्स एल्डर माजला. त्याची मुळं उथळ. त्याच्या दाट सावलीत गवत मरतं, माती उघडी पडते. पूर आला की झाड मुळांसकट उलटतं आणि काठाचा लचका तोडूनच पडतं. ओढा रुंद होतो, उथळ होतो, तापतो. म्हणून झाडं काढायची, जेसीबीने काठ उतरता करायचा आणि खोल मुळांचं गवत पेरायचं. अरुंद, खोल ओढ्यावर काठाचं गवत झुकलं तरी सावली पुरते.

2021 च्या नोव्हेंबरात मी त्याच जागी गेले होते. तळाच्या खडीत परातीएवढा एक फिकट गोल दिसला. एक ब्राउन ट्राउट मादी कुशीवर वळून शेपटीने खडी झाडत होती. दोन-चार फटके, थोडी विश्रांती, पुन्हा फटके. अशा खळग्यात ती अंडी घालते आणि वरून खडी ओढते. खडीत गाळ बसला तर अंडी आतच गुदमरतात. मी व्हिडिओ मामांना पाठवला. त्याच जुलैत वाशिष्ठीच्या पुराने त्यांच्या घरात कमरेइतकं पाणी आणलं होतं, गाळ उपसायला आठ दिवस लागले होते. गाळ काय करतो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. उत्तर आलं: "मासा छान आहे. पण झाडं तोडायला नको होतीस."

मामा, कोकणात तुमचंच खरं आहे. वाळुंज, करंज, उंबर काठ धरून ठेवतात, तिथे कुणी करवत लावली तर मीही आडवी येईन. इथेही हा नियम सरसकट नाही. ही गोष्ट फक्त हिमनद्यांनी न खरवडलेल्या या ड्रिफ्टलेस पट्ट्यातल्या गाळाच्या दऱ्यांची. उत्तर विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या ओढ्यांना सावली हवीच. आणि मिशिगनच्या ज्या ऑ सेबल नदीकाठी 1959 मध्ये ही संस्था सुरू झाली, तिथे माशांना आसरा मिळावा म्हणून उलट पाण्यात ओंडके टाकतात. पण ग्रुपवर टाकायच्या आधी मला एकदा विचारायला हवं होतंत.

मासे शेवटी पकडायलाच ना, असंही लोक विचारतात. बरेच जण पकडून सोडतात, आणि परवान्यासोबत घ्याव्या लागणाऱ्या ट्राउट स्टॅम्पचे पैसे याच कामाला येतात. ब्राउन ट्राउट परका आहे, त्याची अंडी 1883 मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. इथला मूळचा तो ब्रुक ट्राउट, आणि जिथे तो टिकलाय तिथे आधी त्याचं बघावं.

करवत तुमच्या हाती कुणी देणार नाही, त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. फांद्या ओढायला माणसं कायम कमी पडतात. लोकरीचे मोजे दोन जोड न्या. पाण्यात उतरलात तर दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बूट ब्रशने घासून पूर्ण वाळवा. ब्लॅक अर्थ क्रीकमध्ये न्यूझीलंडची चिखलगोगलगाय शिरलीय, तांदळाच्या दाण्याएवढी असते, बुटाच्या शिवणीत बसून पुढच्या ओढ्यापर्यंत जाते.