धूर बघून ट्रॅक्टर भंगारात घालू नका

तुमचा गार्डन ट्रॅक्टर २२ वर्षांचा, इंजिन एका सिलिंडरचं. सकाळी सुरू करताना निळा धूर मारतो, अर्धा तास गवत कापलं की चढावर रखडायला लागतो, डेक (पात्यांवरचं पत्र्याचं झाकण) गंजलाय, आणि मेकॅनिकने सायलेन्सरकडे बघूनच सांगितलंय की ह्यात पैसे घालू नका, नवीन घ्या. त्याचं ऐकावं का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात ऐकू नका. त्याने हेड उतरवलेलं नाही, ट्रॅक्टर उचलून खालून बघितलेला नाही, आणि दोन वेगळ्या तक्रारी एकाच दमात निकालात काढल्यात. धूर इंजिनाचा आहे. चढावर रखडणं बहुतेक ट्रान्समिशनचं आहे. दोन्हींचा खर्च वेगळा आणि दोन्हींचं गांभीर्यही वेगळं.

असली यंत्रं मी वीसेक वर्षं स्वतः उघडतोय. दुरुस्ती की नवीन, हे इंजिनावरून ठरवायचंच नाही, असं माझं मत त्यातून पक्कं झालंय. इंजिन चार बोल्टवर बसलेलं असतं. ते उतरवून बांधता येतं, नाहीतर त्या जागी दुसरं बसवता येतं. ट्रॅक्टर जगणार की नाही हे ठरतं चासी आणि ट्रान्समिशनवर, आणि त्यांचे भाग अजून मिळतात का ह्यावर.

त्याआधी तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघा. मागच्या टायरवरचे आकडे वाचा. २३×१०.५०-१२ असं काही असेल आणि चाक पाच बोल्टवर बसलेलं असेल, तर तो बहुधा खरा गार्डन ट्रॅक्टर आहे, नांगर-रोटरी ओढायला बांधलेला. २०×८.००-८ असेल आणि चाक नुसतं चावी आणि सर्क्लिपवर (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या रिंगवर) अडकवलेलं असेल, तर ते गवत कापायचं हलकं यंत्र आहे, त्यावर नाव काहीही लिहिलेलं असो. लोक इथेच फसतात. जुन्या जड ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा खर्च ते दुकानातल्या सगळ्यात स्वस्त नव्या यंत्राशी ताडून बघतात. ते नवीन यंत्र निम्म्या ताकदीचं असतं, पत्रा पातळ, पुढचा एक्सल दाबलेल्या पत्र्याचा. तुलना करायचीच तर तेवढ्याच वजनाच्या, तेच काम करणाऱ्या नव्या ट्रॅक्टरशी करा. तिथे आकडा एकदम बदलतो.

आता चासी. ट्रॅक्टर नीट धुवा, वाळू द्या, डेक काढा आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. पुढचा एक्सल ज्या पिनवर हलतो तिथे आणि इंजिन बसतं त्या पट्ट्यांच्या कोपऱ्यात बघा. तडा रंगाखालून केसासारखा दिसतो आणि त्याच्या कडेने गंजाची तांबूस रेघ उमटलेली असते. एक्सलच्या पिनचं भोक लांबट झालं असेल तर घाबरू नका, भोक मोठं करून बुश घालता येतो. सुटा तडाही वेल्डिंगने बसतो. पण आजूबाजूचा पत्राच गंजून पातळ झाला असेल, तर वेल्डिंग धरत नाही, शेजारून पुन्हा फाटतं. माझ्या एका ट्रॅक्टरचं हेच झालं. इंजिन ठणठणीत, आणि एक्सलच्या मागचा तडा दोनदा वेल्ड करून एका हंगामात परत उघडला. तो मी सोडला. त्याचं इंजिन काढून दुसऱ्या ट्रॅक्टरला बसवलं, ते अजून चालतंय.

ट्रान्समिशनसाठी मात्र वेळ काढा, कारण तुमची खरी परीक्षा इथे आहे. तुमचा हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा असणार, कारण 'थंड असताना ठीक, गरम झाल्यावर दम नाही' ही त्याची ठरलेली खूण. आतला पंप आणि मोटर झिजले की तेल गरम होऊन पातळ झाल्यावर आतल्या आत गळतं आणि चाकाला दाब मिळत नाही. पण तसाच रखडणारा ट्रॅक्टर आणखी चार कारणांनी असू शकतो, आणि ती चारही अगदी कमी खर्चात सुटतात. पट्टा काचेसारखा गुळगुळीत होऊन सटकत असेल. पट्टा ताणणारी स्प्रिंग ढिली पडली असेल. ढकलताना चाकं मोकळी करायचा जो दांडा असतो, तो पूर्ण मागे येत नसेल आणि आतला व्हॉल्व्ह किंचित उघडा राहत असेल. किंवा ट्रान्समिशनवरचा थंड करणारा पंखा तुटला असेल. मी एकदा एक ट्रॅक्टर खालून बघितला, तर पंख्याची चार पाती गायब होती आणि खालच्या पंखांच्या फटींमध्ये वाळलेलं गवत चिखलासकट थापल्यासारखं बसलं होतं. ते खरवडून काढलं, पंखा बदलला, आणि तो चढ पुन्हा चढायला लागला.

हे सगळं ठीक निघालं तर तेल बदला. बऱ्याच ट्रान्समिशनमध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालतं, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघूनच घाला. हलक्या प्रकारांना तेल काढायचा बोल्टच नसतो, ते उतरवून उलटं करावं लागतं. नवीन तेलानंतर मागची चाकं उचलून, मोकळं करायचा दांडा ओढून पाच-सहा वेळा पुढे-मागे करा, मग दांडा आत घालून पुन्हा तेच करा, म्हणजे अडकलेली हवा निघते. पुढच्या चाकांना आधी अडसर लावा, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली भक्कम स्टँड द्या. एवढं करूनही गरम झाल्यावर रखडला, तर पंप झिजलाय. मग त्या मॉडेलची दुरुस्तीची किट मिळते का, की अख्खं ट्रान्समिशन आणावं लागेल, ह्याची चौकशी करा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका चौकशीत आहे.

इंजिनाचा धूर कधी येतो हे नीट बघा. फक्त सुरू करताना येऊन दोन मिनिटांत थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या गाईडवर, सीलवर किंवा ऑइल जास्त भरलंय ह्यावर. ब्रीदर (इंजिनात कोंडलेली हवा बाहेर सोडणारा भाग) तुंबला तरी ऑइल वर चढून जळतं. वरच्या व्हॉल्व्हच्या इंजिनात पुशरॉडच्या बाजूला हेड गॅस्केट उडालं तरी निळा धूर येतो, आणि त्यात पिस्टनच्या रिंगांचा काही दोष नसतो. भाराखाली सतत धूर, ऑइल झपाट्याने कमी होणं आणि दर काही तासांनी प्लग काळा तेलकट होणं, हे एकत्र दिसलं तर दोष रिंगांचा आणि बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा.

कॉम्प्रेशन मोजून निर्णय घेऊ नका. ह्यातल्या बहुतेक इंजिनांत सेल्फ हलका व्हावा म्हणून सुरू होताना दाब सोडणारी व्यवस्था असते, त्यामुळे आकडा कमीच येतो आणि चांगलं इंजिन खराब ठरतं. लीकडाऊन टेस्ट करा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि कुठून सुटते ते ऐकायचं. हवेच्या दाबाने क्रँक झटक्यात फिरतो, म्हणून तो नीट धरून ठेवा आणि हात पट्ट्यापासून लांब. एक रबरी नळी कानाला लावून फिरवा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून किंवा ऑइल भरायच्या भोकातून आली तर रिंगा. थोडी फुसफुस सगळीकडेच असते. टेस्टच्या मीटरवर वीस टक्क्यांच्या आत गळती असेल तर मी ते इंजिन उघडत नाही.

बोअर गेलाच असेल तर सिलिंडर कशाचा आहे ते महत्त्वाचं. कोहलरच्या जुन्या के-मालिकेसारखी बिडाच्या बोअरची इंजिनं लेथवाल्याकडे नेऊन ०.२५, ०.५० किंवा ०.७५ मिलिमीटर मोठं पिस्टन बसवून पुन्हा बांधता येतात. १९६० च्या दशकातले ट्रॅक्टर आजही कामावर दिसतात ते ह्याच कारणाने. नुसत्या अ‍ॅल्युमिनियमचा बोअर असेल तर बांधण्याच्या भानगडीत पडू नका, दुसरं इंजिन बघा. तेव्हा शाफ्ट उभा की आडवा, त्याची जाडी आणि लांबी, बोल्टची भोकं आणि सायलेन्सरचं तोंड कोणत्या बाजूला, एवढं मोजून घ्या. मी एकदा सगळं मोजलं आणि सायलेन्सर विसरलो, मग बॉनेट कापावं लागलं. नवीन इंजिनाचं चार्जिंग पाती फिरवणाऱ्या इलेक्ट्रिक क्लचला पुरतं का, तेही विचारा.

डेकची फार काळजी करू नका. कडेचा गंज पट्टी मारून भागतो. पात्यांचे बेअरिंग धरलेले स्पिंडल जिथे बोल्टने बसतात, तिथला पत्रा हातोडीने ठोकून बघा. तिथे तो मऊ लागला तर डेक गेला, पण ट्रॅक्टर गेला नाही. डेक वेगळा मिळू शकतो. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, बऱ्याचदा ६२०३ किंवा ६२०५, ते कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे असतात.

वायरिंगसाठी मल्टीमीटर पुरे. बॅटरी पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि पूर्ण रेसवर चार्जिंग १३.५ ते १४.५. सीटचा सेफ्टी स्विच त्रास देतो म्हणून कुणी शॉर्ट केला असेल, तर बाकी काहीही करण्याआधी तो परत जोडा. पडलेल्या माणसाच्या बाजूला पाती फिरत राहता कामा नयेत.

आता पैसे. 'खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवीन घ्या' हा नियम मी वापरत नाही, कारण त्यात वर्षांचा हिशेब नाही. दुरुस्तीनंतर हा ट्रॅक्टर किती वर्षं चालेल त्याने खर्चाला भागा, आणि तेवढ्याच वजनाच्या नव्याच्या किमतीला त्याच्या वर्षांनी भागा. मेकॅनिकच्या बिलात मजुरी मोठी असते, म्हणून उतरवणं आणि बसवणं स्वतः केलं तर हाच हिशेब पालटतो. ज्या मॉडेलला ट्रान्समिशनचे भाग येणं बंद झालंय, त्याला मी एकच सवलत देतो: त्याच मॉडेलचा बंद पडलेला दुसरा ट्रॅक्टर भागांसाठी मिळत असेल तर ठेवा, नाहीतर सोडा. आणि पत्रा पातळ, पंप झिजलेला, भाग नाहीत, ही तिन्ही एकत्र आली तर चांगल्या इंजिनाकडे बघूनही जीव गुंतवू नका.

ह्या सगळ्याआधी एक गोष्ट आजच करा. माझ्या १६ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरने असाच धूर मारला तेव्हा मी बोअर करायचं ठरवून बसलो होतो. डिपस्टिक ओढली तर ऑइल खुणेच्या वर, पाण्यासारखं पातळ, आणि नाकाशी धरल्यावर पेट्रोलचा भपका. कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या सुईत कचरा अडकून रात्रभर पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरत होतं. सुई आणि सीट बदलली, टाकीच्या नळीला बंद करायचा कॉक लावला, ऑइल लागोपाठ दोनदा बदललं. त्यानंतर सहा वर्षं तो चालला. तेव्हा आधी तुमची डिपस्टिक काढून वास घ्या, आणि पेट्रोल असेल तर ऑइल बदलेपर्यंत सेल्फ मारू नका, पातळ ऑइलवर क्रँकचे बेअरिंग धरतात.