नानांची पिकअप, बूस्टर आणि साठ हजारांची एफडी

तळोद्याच्या एका वाचकभाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. घरी 2003 मॉडेलची डिझेल पिकअप आहे, ब्रेक साधे, निव्वळ पायाच्या जोरावरचे. वडील, म्हणजे नाना, आठवड्यातून तीनदा किराणा आणि भाजीपाला घेऊन चांदसैली घाटातून धडगावला जातात, हंगामात येताना आमचूर भरून आणतात. डिझेल वगळून महिन्याला 13,000 हाती राहतात. नानांचा गुडघा दुखतो. त्यांचं म्हणणं, "ब्रेक लागस, पन पाय भरी येस." धुळ्याच्या गॅरेजवाल्याने पॉवर ब्रेकचे 46,000 सांगितलेत: बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) आणि टँडम, म्हणजे दुहेरी, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) 11,000, व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) 9,500, पुढच्या चाकांना डिस्क 17,500, पाइप आणि मजुरी 8,000. पतसंस्था 12 टक्के फ्लॅटने दोन वर्षांसाठी पैसे द्यायला तयार आहे. बँकेत 60,000 ची एफडी आहे, तेवढीच शिल्लक. नाना अजून दोन-तीन वर्षं तरी स्टिअरिंग सोडणार नाहीत. करावं का?

भाऊ, निम्मं काम करा, निम्मं सोडा, आणि पतसंस्थेचं कर्ज घेऊ नका.

आधी बूस्टर विकत घेऊन काय मिळतं ते समजून घ्या, कारण 46,000 त्याच्यावर बेतलेत. बूस्टरमुळे पायाला जोर कमी लागतो. गाडी कमी अंतरात थांबेलच असं नाही. ब्रेक दाबल्यावर आज चाकं जाम होत असतील, तर बूस्टरनंतरही टायरची पकड तेवढीच राहणार. घाटात ब्रेक तापून सैल पडतात, त्यावरही बूस्टर हा इलाज नाही. तिथे खालचा गिअर आणि इंजिनचाच आधार. नानांच्या गुडघ्याला मात्र खरा आराम मिळेल, आणि आठवड्याला तीन घाटफेऱ्या करणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी त्याला चैन म्हणणार नाही.

पण पाय भरून येण्याचं कारण फक्त बूस्टर नसणं हेच आहे, हे कोणी तपासलंय का? तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) काचेसारखे गुळगुळीत झाले असतील, व्हील सिलिंडर (चाकात लायनर ड्रमवर दाबणारे) अडकत किंवा गळत असतील, ड्रमला चर पडले असतील, तर कोणाचाही पाय भरून येईल. अशा गाडीवर बूस्टर बसवला तर गळका सिलिंडर जास्त जोराने गळेल, एवढंच. ब्रेक ऑइलही बघा. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीचं नवं ऑइल किमान 205 अंशापर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेल्यासाठी हीच मर्यादा 140 वर येते. घाट उतरताना ते उकळून पेडल जमिनीला टेकलं, तर 11,000 चा बूस्टर काही करू शकत नाही. चारही चाकं उघडून हे काम आधी करून घ्या. त्यासाठी 8,000 धरा. गॅरेजवाल्याच्या हिशेबात हा आकडाच नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

आता कोटेशन. सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे टँडम मास्टर सिलिंडर. तुमच्या गाडीला एकेरी असेल, तर एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. टँडममध्ये दोन स्वतंत्र भाग असल्यामुळे एक गेला तरी दुसरा काम करतो. मात्र बूस्टरचा टँडम आणि साध्या ब्रेकचा टँडम सहसा एकच नसतो. बूस्टरसाठी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोठा ठेवतात. 19 मिलिमीटरच्या जागी 25 चा बोअर बूस्टरशिवाय लावला, तर तेवढ्याच दाबासाठी पायाला जवळजवळ पावणेदोनपट जोर लावावा लागेल. म्हणून "आता टँडम टाकू, बूस्टर दिवाळीनंतर बघू" असं करू नका; एकच वस्तू दोनदा घ्यावी लागेल.

व्हॅक्यूम पंपाचे 9,500 फुगवलेले वाटतील, पण त्याला पर्याय नाही. बूस्टर व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीवर, चालतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे (हवा अडवणाऱ्या झडपेमुळे) तो आपोआप तयार होतो, जुन्या डिझेलमध्ये होत नाही. म्हणून अल्टरनेटरच्या पाठीवर पंप लागतो. जुना पंप बसवून स्वस्तात करून देतो म्हणाला तर नको म्हणा.

डिस्कचे 17,500 मी वगळतोय. डिस्क तापल्यावर ड्रमपेक्षा बरी टिकते, हे तिच्या बाजूने खरं. पण दुसऱ्या गाडीची हब (चाक जिथे बसतं तो मधला भाग) आणि डिस्क बसवायची म्हणजे रिम जुळली पाहिजे आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल नव्याने साधला पाहिजे. गाडी रिकामी असताना मागची चाकं आधी जाम झाली, तर घाटाच्या वळणावर मागचा भाग फिरतो. कंपनी चाचण्या घेऊन हे ठरवते, गॅरेजमध्ये अंदाजाने ठरतं. शिवाय सव्वा लाखाचीही नसलेली गाडी (तुम्ही 1,10,000 म्हणता) विकताना या डिस्कचे जादा पैसे कोणी देणार नाही.

डिस्क काढल्यावर उरले 28,500, त्यात दुरुस्तीचे 8,000 मिळवून 36,500. तीन वर्षं गाडी चालली तर महिन्याला हजारभर पडतात, 13,000 मधून ते झेपतं. वर्षभरात गाडी विकावी लागली तर हाच बोजा 3,000 च्या वर जातो. म्हणून पैसे देण्याआधी फिटनेस (गाडी चालवण्यालायक असल्याचं आरटीओचं प्रमाणपत्र) बघा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ती दरवर्षी लागते, आणि 15 वर्षांवरच्या गाड्यांची फी 2022 पासून कैकपटीने वाढली आहे. पुढची फिटनेस मिळेल का, किती पैसे भरावे लागतील, हे नंदुरबारच्या आरटीओत विचारा. तिथेच बूस्टर बसवण्याबद्दलही विचारून ठेवा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. फिटनेस अवघड दिसली तर बूस्टर विसरा. फक्त दुरुस्ती आणि साधा टँडम करून गाडी विकायच्या तयारीला लागा.

2015 ची पिकअप 3,25,000 ला मिळतेय असंही तुम्ही लिहिलंय. ही गाडी देऊन वरचे 2,15,000 तीन वर्षांच्या कर्जाने भरले, तर 13 टक्क्यांनी हप्ता 7,200 च्या पुढे जातो. कमाई तेवढीच आणि निम्म्याहून जास्त हप्त्यात. फेऱ्या वाढल्याशिवाय नको.

पैसे कुठून आणायचे? पतसंस्थेचा 12 टक्के फ्लॅट म्हणजे 46,000 वर दोन वर्षांत 11,040 व्याज. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 46,000 वर, त्यामुळे खरा दर 21 टक्क्यांच्या वर जातो. एफडी मोडूही नका, तिच्यावर कर्ज घ्या. दर सहसा एफडीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. तुमची 7 टक्क्यांची एफडी धरली तर 9 टक्क्यांनी 36,500 वर 18 महिने साधारण 2,180 चा हप्ता, एकूण व्याज 2,700 च्या आत. एफडीतले उरलेले 23,500 दवाखाना आणि फिटनेससाठी राहू द्या, त्यावर आणखी कर्ज काढू नका.

गॅरेजवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा: "पेडलचा लीव्हर बदलणार का?" साध्या ब्रेकचं पेडल पायाचा जोर साधारण सहापट करतं, बूस्टरसोबत चारपट पुरतो. जुन्याच लीव्हरवर बूस्टर लावला तर रिकाम्या गाडीत नुसता पाय टेकवला तरी चाकं घसरतील. तो उत्तर टाळू लागला तर दुसरं गॅरेज शोधा.

आणि नानांशी बोला. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय असेल, तर ती बंद करावी लागेल. इंजिन बंद असलं की बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, मग पेडल दगडासारखं होतं. अल्टरनेटर आणि त्यावरचा पंप फिरवणारा पट्टा तुटल्यावरही तेच, म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची. काम झाल्यावर पहिल्या काही फेऱ्या धडगावला नकोत. तळोदा-नंदुरबार सपाट रस्त्यावर, आधी रिकाम्या आणि मग भरलेल्या गाडीने होऊ द्या.