‘पाळक’ की ‘पालक’?

सोलापुरातील एका वाचक भगिनीचा प्रश्न असा आहे : त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानण्याच्या) उपासनेची पत्रिका छापायला दिली, तेव्हा मुद्रितशोधकाने ‘पाळक’ (मंडळीचा धर्मगुरू) या शब्दाचे सर्वत्र ‘पालक’ करून टाकले. विचारणा केल्यावर ‘पाळक’ हा गावंढळ उच्चार आहे, असे उत्तर मिळाले आणि घरातल्या एका शिक्षक नातेवाइकानेही त्याला दुजोरा दिला. तेव्हा शुद्ध शब्द कोणता, आणि एवढा घोळ होणार असेल तर सरळ ‘पास्टर’च का लिहू नये?

‘पाळक’ हाच शब्द बरोबर आहे, आणि मराठी ख्रिस्ती समाजाने तो जाणून-समजून जपलेला आहे.

आधी ‘ळ’विषयी. संस्कृतात दोन स्वरांमध्ये येणारा एकेरी ‘ल’ मराठीत येताना बहुधा ‘ळ’ होतो. फल-फळ, काल-काळ, बाल-बाळ ही नेहमीची उदाहरणे आहेत, आणि पालन-पाळणे हे त्यांच्याच रांगेतले. ‘फळ’ किंवा ‘बाळ’ लिहिणाऱ्याला कोणी गावंढळ म्हणत नाही, मग ‘पाळक’ने काय पाप केले? ‘पालक’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे आणि आजच्या मराठीत त्याचा अर्थ आईवडील किंवा जबाबदारी घेणारा मोठा माणूस असा ठरून गेला आहे. शाळेची पालकसभा किंवा जिल्ह्याचे पालकमंत्री हे शब्द आपण रोज वाचतो. त्यामुळे पत्रिकेत ‘पालकांच्या हस्ते आशीर्वाद’ असे छापले, तर वाचणाऱ्याला मुलांचे आईबाप पुढे येणार असेच वाटेल.

परंतु खरे महत्त्वाचे कारण पवित्र शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच, आहे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित, संदेष्टे व सुवार्तिक यांच्यानंतर ‘पाळक व शिक्षक’ यांचा उल्लेख येतो. तेथे मूळ ग्रीकमध्ये ‘पोइमेन’ हा शब्द आहे, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो तेथेही हाच शब्द आहे. मराठी भाषांतरात मेंढरे राखणाऱ्यासाठी ‘मेंढपाळ’ आणि मंडळी राखणाऱ्यासाठी ‘पाळक’ अशी योजना झाली, म्हणजे ‘मेंढ’ बाजूला ठेवून ‘पाळ’ तेवढा राखला गेला. ‘पाळक’चा ‘पालक’ केला की मेंढपाळाशी असलेले हे नाते तुटते, आणि माझ्या मते हाच त्या दुरुस्तीतला सर्वांत मोठा तोटा आहे.

मेंढपाळ म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यात पुस्तकातून शिकावे लागत नाही. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या भागांत धनगरांचे कळप रिकाम्या शेतात बसतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, मेंढरांना मुक्काम मिळतो. संध्याकाळी वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण, उभे केले जाते आणि मेंढपाळ त्याच्या तोंडाशी उभा राहून एकेक मेंढरू आत घेतो. लंगडणारे कोणते, मागे राहिले कोणते, हे त्याला तेथेच कळते. ‘मीच मेंढरांचे दार आहे’ हे वचन मी लहानपणापासून ऐकत आलो, पण असे वाघरीच्या तोंडाशी उभे असलेले माणूस पाहिले, तेव्हा ते मला नीट समजले.

‘पाळणे’ या क्रियापदाची व्याप्तीही पाहण्यासारखी आहे. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू आपला शिष्य पेत्र याला तीनदा आज्ञा करतो. ‘माझी कोकरे चार’, ‘माझी मेंढरे पाळ’, ‘माझी मेंढरे चार’. मूळ ग्रीकमध्येही येथे दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि मराठीने तो भेद जपला आहे. चारणे म्हणजे पोटाला घालणे. पाळण्यात चारणे आलेच, शिवाय राखणे, हाकणे, शोधून आणणे आणि दुखलेखुपले पाहणेही आले. त्यातच आपण शब्दही पाळतो, वेळ आणि पथ्यही पाळतो. कळप पाळणाऱ्याने दिलेला शब्दही पाळावा, ही अपेक्षा मराठीत त्या एकाच क्रियापदात येऊन बसली आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात स्वतःचेच पोषण करणाऱ्या मेंढपाळांना जो जाब विचारला आहे, तो वाचताना पाळकपदाचे हे ओझे जाणवते.

आता ‘पास्टर’. हा लॅटिन शब्द आहे, त्याचाही अर्थ मेंढपाळच, आणि तो चारणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘पा’ (राखणे), लॅटिन ‘पास्टर’ आणि ग्रीक ‘पोइमेन’ यांचे मूळ एकच मानतात, म्हणून ‘पाळक’ हा त्या दोघांचा सख्खा नातलग ठरतो. हाच नातलग आपल्या घरात असताना परक्या रूपाला पुढे बसवण्याचे मला काही कारण दिसत नाही. ‘पाद्री’चे मूळ मात्र निराळे आहे, तो पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला व त्याचा अर्थ पिता, जसा कॅथलिक मंडळींचा ‘फादर’.

‘पालक’ या दुरुस्तीला सोलापुरात आणखी एक कारण असू शकेल, असे मला वाटते. येथे मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूही घराघरांत बोलतात. कन्नडमध्ये या पदाला ‘सभापालक’ म्हणतात आणि तेथे ‘ल’च योग्य आहे. तेलुगूत ‘संघ कापरी’ म्हणतात, आणि ‘कापरी’ म्हणजे पुन्हा राखणारा, गुराखी-मेंढपाळच. तिन्ही भाषांनी आपापल्या शब्दाने कळप राखणाराच उभा केला आहे. कन्नड उपासनेच्या पत्रिकेत ‘सभापालक’ खुशाल छापावे. मराठी पत्रिकेत ‘पाळक’, ‘पाळकसाहेब’, ‘पाळकीय सेवा’ हीच रूपे ठेवावीत.

पत्रिका पुन्हा छापखान्यात जाईल तेव्हा प्रत्येक ‘ळ’भोवती पेन्सिलीने वर्तुळ करून समासात ‘मूळ अक्षर कायम’ असे लिहून द्यावे, आणि शक्य असल्यास मुद्रितशोधकाला इफिसकरांस पत्राचा तो चौथा अध्याय दाखवावा.