तुमची पत्रं, आमची उत्तरं : सुलभाताई देशपांडे विशेष

गेल्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं की आता हयात नसलेल्या कलाकारांपैकी कोणाबद्दल गप्पा मारायला आवडतील, तर पत्रांचा हा गठ्ठा आला आणि त्यात सुलभाताई देशपांडेंचं नाव इतक्यांदा की बाकीचे विषय पुढच्या वेळी घेऊ असं ठरवून टाकलं. 4 जून 2016 ला त्या गेल्या, वय 79, आणि अजून लोक असं लिहितायत की जणू परवाच गेल्या. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, रागावू नका. नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, फक्त गावं.

डोंबिवलीहून एक काकू : मी त्यांना ओळखते ते 'इंग्लिश विंग्लिश'मधल्या श्रीदेवीच्या सासूबाई म्हणून. किती गोड काम होतं! पण माझा मुलगा म्हणतो, आई, त्या नाटकातल्या केवढ्या मोठ्या होत्या तुला माहितीच नाही. मोठ्या म्हणजे नक्की काय केलं होतं हो?

काकू, मुलगा बरोबर बोलतोय, पण तुम्हीही काही चुकीच्या नाही, ती सासू खरंच गोड होती. टिपिकल टोमणे मारणारी नाही, सुनेच्या बाजूची, आणि ते सगळं फार न बोलता केलेलं.

आता मोठ्या म्हणजे काय ते सांगायचं तर 1967 मधे जावं लागेल. 'रंगायन' नावाची संस्था, विजयाबाई मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे, डॉ. लागू ही सगळी मंडळी त्यातली, आणि त्यांनी विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, म्हणजे सुलभाताईंच्या नवऱ्याचं. त्यात लीला बेणारे ही मुख्य भूमिका ताईंची. बेणारे ही शाळेत शिकवणारी बाई, अविवाहित, हसरी, बडबडी, आणि हौशी नाटक मंडळाबरोबर एका गावी प्रयोगाला आलेली. वेळ घालवायला म्हणून ही मंडळी खोटा खोटा खटला खेळायला बसतात, आरोपी करतात बेणारेला, आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा, आणि खेळता खेळता खेळ कधी संपला आणि बाईच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड कधी सुरू झाली ते बघणाऱ्याला कळतही नाही.

काकू, पुस्तक मिळालं तर सुरुवातीचं एक बारकं बघा. गावातला तो साधा सामंत हॉल उघडून देतो, बेणारे त्याच्याबरोबर आत येते आणि येतानाच दाराच्या कडीत बोट सापडून घेते. साधी गोष्ट, आपण हसून सोडून देतो. पुढे खटला अंगाशी यायला लागल्यावर ती पर्स उचलून निघून जायला बघते तर तीच कडी बाहेरून लागलेली, दार उघडतच नाही, ती परत फिरते आणि पिंजऱ्यात अडकते. असं नाटक आहे हे, एकही वस्तू उगीच ठेवलेली नाही. पर्समधे टिक ट्वेंटीची, म्हणजे ढेकणांच्या विषाची बाटली, तीही नंतर कामाला येते.

आणि शेवटचं ते स्वगत. न्यायाधीश झालेला काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतो. त्या दहा सेकंदात घड्याळ थांबल्यासारखं होतं, बाकीचे सगळे जिथल्या तिथे गोठतात आणि बेणारे पानंच्या पानं बोलते, लहानपणीचं मामावरचं प्रेम, तो कसा पळपुटा निघाला, मरायला गेली होती तेही, मग त्यांच्याच मंडळातला प्राध्यापक दामले, आपलं शरीर, वर्गातली मुलं, सगळं. बोलून झालं की काशीकर सांगतो, वेळ संपली. म्हणजे ती खरंच बोलली की मनातल्या मनात, ते तुम्ही ठरवा. नाटकवाल्यांमधे अशी गोष्ट सांगतात की तेंडुलकरांना हे स्वगत लिहायचंच नव्हतं, अशी बाई असं बोलणार नाही असं त्यांचं म्हणणं, अरविंद देशपांडे हटून बसले म्हणून ते लिहिलं गेलं. आज मराठीत नाटकाच्या कुठल्याही ऑडिशनला जा, चारातल्या एका मुलीने तेच पाठ केलेलं असतं.

सुलभाताई स्वतः शाळेत शिक्षिका होत्या हे लक्षात ठेवून आता बेणारेचा विचार करा. शाळेच्या घंटेच्या आधी हजर राहणारी, पोरांवर जीव असलेली बाई त्यांना कुठे शोधायला जायची गरजच नव्हती.

नागपूरहून एक वाचक : ताईंवर कोणीही लिहिलं की छबिलदास छबिलदास सुरू होतं. आम्ही विदर्भातले, आम्हाला ती एक दादरची शाळा एवढंच माहिती. त्याचं एवढं कौतुक कशाला?

दादा, टोमणा पोचला. मुंबईवाल्यांना आपली गल्ली म्हणजे जग वाटतं हे खरंय. पण हे कौतुक फुकटचं नाही, ऐका.

1971 मधे रंगायनमधे फूट पडली आणि अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' काढली. पहिलं नाटक गिरीश कर्नाडांचं 'तुघलक', मराठी भाषांतर तेंडुलकरांचं, तुघलक झालेले अरुण सरनाईक. म्हणजे सुरुवात दणक्यात. पण प्रश्न होता जागेचा. प्रायोगिक नाटकाचं रडगाणं तुम्हाला नागपुरातही माहिती असणार, राज्य नाट्यस्पर्धेत एक प्रयोग व्हायचा, वाहवा व्हायची, आणि मग नाटक मरायचं, कारण थिएटरचं भाडं भरून पन्नास शंभर प्रेक्षकांसाठी प्रयोग लावणं कोणाला परवडणार? शिवाजी मंदिर काही मिनिटांवर, पण ते व्यावसायिकवाल्यांचं, तारखा त्यांच्या, हिशोब त्यांचा.

आणि ताई शिकवत होत्या छबिलदास शाळेत. दादर स्टेशनच्या बाहेर पडलं की पश्चिमेला लगेच, जिथे आज लोक बटाटावड्यासाठी रांग लावतात तीच गल्ली. त्या शाळेचा हॉल संध्याकाळी रिकामा. 1974 पासून तिथे आविष्कारने प्रयोग सुरू केले, आणि महत्त्वाचं म्हणजे फक्त स्वतःचे नाही, बाकीच्या संस्थांनाही जागा दिली. दिग्दर्शक सत्यदेव दुबेंची माणसं तिथे नाटकं करायची, मराठी, हिंदी, जे येईल ते. मोठं थिएटर नव्हेच ते, प्रेक्षक खुर्च्या टाकून नटाच्या अगदी समोर, खोटं काही चालायचं नाही कारण डोळ्यातलं पाणी खरं की ग्लिसरीन ते पहिल्या रांगेला दिसायचं. पुढे वीसेक वर्षांनी शाळेने जागा देणं थांबवलं, आविष्कार माहीमच्या महापालिकेच्या शाळेत गेली, पण तोवर एका अख्ख्या पिढीने तिथे नाटक करून घेतलेलं होतं. तिला छबिलदास चळवळ म्हणतात.

माझं स्वतःचं मत सांगते, बेणारे दुसऱ्या कोणी केली असती तर कदाचित वेगळी झाली असती पण झाली असती. पण एका शाळेच्या हॉलची किल्ली मिळवून ती दुसऱ्यांच्या हातात देणारी बाई नसती तर सत्तरच्या दशकातली निम्मी नाटकं कागदावरच राहिली असती. पडद्यावर हे दिसत नाही, म्हणून श्रद्धांजलीत येत नाही. काकडेकाकांबद्दलही तेच, ते 2019 मधे गेले, आयुष्यभर हिशोबाच्या वह्या आणि प्रयोगाची व्यवस्था बघितली, त्यांच्याबद्दल किती जणांनी पत्र लिहिलं? एकानेही नाही. असो, चिडचिड माझी, तुमच्यावर नाही.

साताऱ्याहून एक ताई : आमच्या फॅमिली ग्रुपवर दर 4 जूनला ताईंना श्रद्धांजली येते आणि फोटो सुलोचनादीदींचा! नक्की काय भानगड?

तारखेची भानगड. सुलोचनादीदीही 4 जूनलाच गेल्या, पण 2023 मधे. दोघींच्या नावाची सुरुवातही सारखी, त्यामुळे फॉरवर्ड करणाऱ्यांची मजा. दीदी भालजी पेंढारकरांच्या कोल्हापुरातून आलेल्या, सिनेमाच्या, हिंदीतल्या नायकांच्या आई. सुलभाताई मुंबईच्या, माहेरच्या कामेरकर, नाटकाच्या. ग्रुपवर नम्रपणे सांगा, वाद घालू नका, काकांना राग येतो.

बहारीनहून एक आई : मी लहानपणी 'दुर्गा झाली गौरी'मधे होते, अगदी मागच्या रांगेत, पण होते. आता माझी मुलगी इथल्या मराठी मंडळात नाचते. ताईंबद्दल बोलताना लोक या नाटकाला का विसरतात?

विसरत नाहीत हो, ज्यांनी त्यात काम केलं ते तर मुळीच नाही, आणि असे लोक आहेत किती! आविष्कारची मुलांसाठीची शाखा 'चंद्रशाला', ती ताईंची खास. माधव साखरदांडे यांचं नृत्यनाट्य, गुरू पार्वतीकुमार यांची नृत्यं, आणि स्टेजभर पोरं. वर्षानुवर्षं चाललं, पहिली पोरं मोठी होऊन त्यांची पोरं त्यात नाचली. मुख्य पात्र एकच असलं तरी मागच्या रांगेतल्या पोराला आपण नाटकात आहोत हे पूर्ण खरं वाटायला हवं, याला शिक्षिकाच लागते. तुम्ही "अगदी मागच्या रांगेत, पण होते" असं लिहिलंय ना, तिथेच उत्तर आलं.

आणि मुलांसाठी ताईंनी सिनेमाही केला होता, स्वतः दिग्दर्शित, 'राजा रानी को चाहिए पसीना', 1978 मधे, चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी. कुठे बघायला मिळाला तर मंडळात लावा.

पुण्याहून एक सद्गृहस्थ (पत्र चार पानी, काटछाट आमची) : एवढी मोठी अभिनेत्री आणि सिनेमात नुसती आई, आजी, सासू! हिंदीवाल्यांनी आणि आपल्या मराठीवाल्यांनीही ताईंना वाया घालवलं असं मला ठामपणे वाटतं.

काका, अर्धं मान्य. पण 'भूमिका' परत बघा, 1977 चा, श्याम बेनेगलांचा. स्मिता पाटीलच्या आईची भूमिका ताईंची, आणि ती आई काही देव्हाऱ्यातली नाही, मुलगी कमावती झाल्यावर घराचं काय होतं ते सगळं त्या बाईच्या चेहऱ्यावर आहे. त्याच वर्षी 'जैत रे जैत'. आणि 'चौकट राजा', 1991, तिथे दिलीप प्रभावळकरांच्या नंदूची आई. नंदूवर सगळ्यांचं लक्ष, असणारच, काम तसंच आहे, पण वाढलेल्या वयाचा मुलगा जो मनाने लहानच राहिला त्याच्या आईचा थकवा आणि तो थकवा मुलाला दिसू न देणं हे दोन्ही एकदम करायचं होतं. भूमिका छोटी असली की वाया गेली असं नसतं, छोट्या भूमिकेत समोरच्याला उभं करावं लागतं. हां, 'शांतता'वरचा दुबेंचा 1971 चा सिनेमा सोडला तर नायिका म्हणून सिनेमात तेवढं मोठं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही, इथे मात्र तुमच्याशी सहमत. त्या सिनेमात अमोल पालेकर आणि अमरीश पुरीही आहेत, दोघंही तेव्हा नवे.

शिवाय काका, एक विसरू नका, 1987 च्या सुरुवातीला अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षी ताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. नवरा गेलेला, संस्था डोक्यावर, आणि बाईंनी संस्था बंद पडू दिली नाही. अरविंद देशपांडे यांच्या नावाने दर जानेवारीत नाट्यमहोत्सव सुरू झाला. सिनेमात मोठ्या भूमिका शोधत फिरायला वेळ कुठला?

नाशिकहून एक विद्यार्थिनी : कॉलेजच्या अभिनय स्पर्धेत मला बेणारेचं स्वगत करायचंय. ताईंचा व्हिडिओ बघून बघून पाठ केलं तर चालेल का? रडायला येत नाहीये, टेन्शन आलंय.

अगं, रडायला येत नाहीये हे चांगलंच आहे! बेणारे रडत नाही फारशी, ती चिडलेली आहे, थट्टा करतेय, मधेच खूश होते वर्गातल्या पोरांचं सांगताना, आणि मधेच शिक्षिकेच्या आवाजात बोलते. परीक्षक दिवसभरात त्याच स्वगतावर रडणाऱ्या मुली बघून कंटाळलेले असतात. व्हिडिओ एकदा बघ आणि बंद कर, नाहीतर ताईंच्या पॉझेस तुझ्या तोंडात बसतील आणि त्या तुला शोभणार नाहीत.

त्यापेक्षा अख्खं नाटक वाच, दोनदा. पहिल्या अंकातली बेणारे आधी सापडू दे, सामंतशी गप्पा मारणारी, शाळेबद्दल भरभरून बोलणारी, बोट कडीत सापडल्यावर ते चोखत हसणारी. ती बाई कोण हे तुला कळलं की शेवटी काय तुटतंय ते आपोआप कळेल. आणि निकाल लागल्यावरचं पान वाच, सगळे निघून जायच्या तयारीत, एकटा सामंत हळूच येतो आणि त्याने आणलेला हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो. स्वगतात ते नाही, पण तू स्वगत संपवून उभी राहशील तेव्हा ते डोक्यात असू दे.

स्पर्धेचा वेळ किती आहे ते लिहिलं नाहीस. पाच मिनिटं असतील तर पूर्ण बसणार नाही, तेव्हा सरांबरोबर बसून कुठलं ठेवायचं ते नीट ठरव, मामाचा भाग आणि वर्गाचा भाग दोन्ही हवेत, दामलेचा थोडा कमी चालेल. प्रयोगाची परवानगी कॉलेजला काढायला सांग. साडी नेहमी वर्गावर नेसतात तशी, पांढरी वगैरे नको.