पाळकाची सेवा स्वीकारल्यावर निसर्गचित्रण सोडावे लागते का?

आपण विचारले आहे की, कलाशिक्षण पूर्ण करून आता मंडळीत पाळक होण्याची तयारी करणाऱ्या माणसाने निसर्गचित्रण फावल्या वेळचा छंद म्हणूनच जपायचे का, की त्यातून आयुष्यभराचे गंभीर काम उभे राहू शकते. मी कोल्हापुरात बरीच वर्षे चित्रकला शिकवली असून स्वतःही निसर्गचित्रेच रंगवतो. माझ्या मते असे काम निश्चित उभे राहते आणि पाळकाला एका गावाशी बांधून ठेवणारी सेवाच त्याला बळ देते.

याचा सर्वांत ठळक दाखला स्कॉटलंडमधील रेव्हरंड जॉन थॉमसन (१७७८–१८४०) यांचा आहे. त्यांचे वडील एअरशायरमधील डेली या गावचे पाळक होते आणि वडिलांच्या मागे १८०० मध्ये ती जागा थॉमसन यांच्याकडे आली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण म्हणाल, तर निसर्गचित्रकार अलेक्झांडर नास्मिथ यांच्याकडे गिरवलेले थोडेसे धडे, एवढेच. १८०५ साली ते एडिनबरोलगतच्या डडिंग्स्टनला आले आणि अखेरपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, तिथलेच पाळक राहिले. आर्थर्स सीट या डोंगराच्या पायथ्याशी असलेले तिथले तळे पाहून खुद्द टर्नर या नामवंत इंग्लिश निसर्गचित्रकारालाही त्यांचा हेवा वाटला, असे सांगतात. तळ्याकाठच्या अष्टकोनी मनोऱ्यातील खालची खोली ते चित्रशाळा म्हणून वापरत. तिचे नाव त्यांनी ‘एडिनबरो’ ठेवले होते, म्हणजे कोणी भेटायला आले की ‘पाळकसाहेब एडिनबरोला गेले आहेत’ असे खोटे न बोलता सांगता येई, अशी आख्यायिका आहे. कामाच्या वेळेला किती जपावे लागते, हे ज्याने अनुभवले आहे, त्याला ती सहज पटेल.

थॉमसन यांनी काय रंगवले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांनी परदेशातील प्रसिद्ध स्थळांच्या मागे न लागता स्कॉटलंडचेच किल्ले, कडे आणि समुद्रकिनारे रंगवले. बर्विकशायरच्या किनाऱ्यावरील फास्ट कॅसल या पडक्या किल्ल्याकडे तर ते पुन्हा पुन्हा वळले. त्याच्या एका चित्रात पाहणारा खाली, अगदी खडकांपाशी उभा असतो. कडा अंगावर आल्यासारखा वर चढत जातो आणि किल्ल्याचे अवशेष त्या खडकातूनच उगवल्यासारखे दिसतात. एखाद्या जागेशी अशी जवळीक एका भेटीत साधत नाही. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट त्यांचे मित्र होते आणि स्कॉटलंडच्या प्राचीन वास्तूंवरील स्कॉट यांच्या ग्रंथासाठी टर्नरच्या बरोबरीने थॉमसन यांचीही चित्रे घेतली गेली. १८३० मध्ये रॉयल स्कॉटिश अकादमीने त्यांना मानद सदस्यत्व दिले.

आपल्याकडे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) धर्मसेवक नव्हते, पण स्थानिक निसर्गाशी असलेली त्यांची निष्ठा याच जातीची होती. जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेला, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार कोल्हापुरातील रंकाळा व कोटीतीर्थ ही तळी आणि पंचगंगेचा परिसर रंगवत राहिला. मी विद्यार्थ्यांना रंकाळ्यावरील संध्यामठाजवळ बसवत असे, तेव्हा हीच गोष्ट शिकवायची असे. आषाढात हवा इतकी दमट असते की आकाशाचा पहिला हात वाळता वाळत नाही, आणि घाईने पैलतीराची झाडी लावली की तिचा हिरवा रंग वर ढगात पसरतो. तोच पैलतीर मार्गशीर्षातल्या सकाळी धुक्यामुळे जवळजवळ नाहीसा होतो. एकाच जागेचे हे दोन्ही स्वभाव तिथे राहणाऱ्यालाच कळतात, आणि पाळक तर नेमून दिलेल्या गावात ऊन-पावसातून घरोघरी भेटी देत फिरतच असतो.

थॉमसन यांची एक गोष्ट मात्र घेऊ नये. गडद छायेसाठी ते डांबरासारखा अस्फाल्टमचा रंग वापरत. तो पुरता वाळत नाही, कालांतराने काळवंडतो आणि त्याला भेगा पडतात. त्यामुळे त्यांच्या अनेक चित्रांची हानी झाली आहे. साहित्याची शिस्त आपण विद्यार्थिदशेतच शिकला आहात, ती वेळ कमी आहे म्हणून सोडू नका.

सुरुवातीला तैलरंगांपेक्षा जलरंगच बरे, कारण शनिवारी प्रवचनाची तयारी आणि रविवारी उपासना आटोपून उरलेल्या एखाद्या सकाळीही त्यात एक चित्र पूर्ण होते. आपली नेमणूक होण्यापूर्वीच मंडळीच्या पंचांना चित्रकलेविषयी मोकळेपणाने सांगावे आणि आठवड्यातील कोणती सकाळ आपली असेल, हे त्यांच्याशी बोलून ठरवून घ्यावे.