नामिबियातली शिकार आणि ४०१(के)चं कर्ज

नमस्कार,

तुमचं पत्र आणि सोबत पाठवलेलं आउटफिटरचं (शिकारीची सहल आखून देणाऱ्याचं) दरपत्रक, दोन्ही नीट वाचलं. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही ह्यूस्टनजवळ राहता, वय ४७, नोकरी तेल-वायू क्षेत्रात. टेक्सासमध्ये रीतसर लायसन्स काढून बरीच वर्षं हरणाची शिकार करता. मागच्या हिवाळ्यात एका संस्थेच्या डिनरमधल्या लिलावात तुम्ही २,८०० डॉलरला नामिबियातली सात दिवसांची 'प्लेन्स गेम' शिकार घेतलीत. म्हणजे हत्ती-सिंह नाहीत, माळावरचे कुडू, गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक वगैरे हरणाच्या जातीचे प्राणी. त्या रकमेत तुमचे आणि प्रेक्षक म्हणून येणाऱ्या वहिनींचे सात दिवस, राहणं-जेवण, सोबतचा व्यावसायिक शिकारी (सगळे त्याला पीएच म्हणतात), एक स्प्रिंगबॉक आणि एक वॉर्टहॉग (तिकडचं रानडुक्कर) एवढं येतं. पुढच्या खर्चाचा तुमचा अंदाज १२,००० डॉलरचा आहे आणि तेवढं कर्ज ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यातून, काढून येत्या जूनमध्ये जायचा विचार आहे. मुलगी अकरावीत आहे, तिला ऑस्टिनला शिकायचं आहे. वहिनींना ही कल्पनाच फारशी पटलेली नाही.

माझं मत आधी सांगतो. जा, पण या जूनमध्ये नको, पुढच्या जूनमध्ये. कर्ज काढून तर मुळीच नको. आणि यादीतले निम्मे प्राणी गाळा.

आता तुमच्या अंदाजाकडे येऊ. तुमच्या यादीत चार प्राणी आहेत: कुडू २,४००, गेम्सबॉक ८५०, हार्टमन झेब्रा १,१०० आणि रेड हार्टबीस्ट ९००. ट्रॉफी फी, म्हणजे मारलेल्या प्रत्येक प्राण्यामागे द्यायची रक्कम, झाली ५,२५०. जोहान्सबर्गमार्गे विंडहूकची दोन तिकिटं ३,८००. व्हिसा, विंडहूकमधल्या दोन रात्री आणि फार्मपर्यंतची गाडी मिळून ७८०. रायफलचं भाडं आणि काडतुसं ३५०. पीएच, माग काढणारा, कातडी सोलणारा आणि स्वयंपाकघरातली माणसं यांची टिप १,०००. विमानाने इस्पितळात हलवायची सोय असलेला विमा दोघांचा ३५०. बेरीज ११,५३०. म्हणजे इथपर्यंत तुमचा अंदाज अगदी चोख आहे.

तुम्ही धरलेला नाही तो खर्च प्राणी पडल्यानंतर सुरू होतो. फार्मवर कातडं सोलून मीठ लावतात, शिंगांना तुमच्या नावाची चिठ्ठी तारेने बांधतात आणि माल 'डिप अँड पॅक'ला जातो. तिथे तो जंतुनाशकात बुडवून, वाळवून लाकडी खोक्यात भरतात. मग विमानभाडं, मग ह्यूस्टनला कस्टम्स आणि वन्यजीव खात्याचे कागद करणारा ब्रोकर. सहा प्राण्यांसाठी तुम्हाला आलेले आकडे ९००, १,८०० आणि ५०० आहेत, एकूण ३,२००. त्यानंतर टॅक्सीडर्मी, म्हणजे कातड्यात भराव घालून भिंतीवर लावायची डोकी तयार करणं. तुमच्याच गावातल्या टॅक्सीडर्मिस्टच्या दराने कुडूचं खांद्यापर्यंतचं डोकं १,४००, गेम्सबॉक १,१००, हार्टबीस्ट १,०००, झेब्राचा गालिचा १,३००, स्प्रिंगबॉक ८००, वॉर्टहॉग ९००. हे ६,५०० झाले. दोन्ही मिळून ९,७००.

हा आकडा ट्रॉफी फीशेजारी ठेवून बघा. शिकारीला ५,२५० आणि भिंतीवरच्या डोक्यांना ९,७००. सहलीचा खरा खर्च २१,२३० डॉलर आहे, लिलावाचे २,८०० वेगळे. ते २,८०० मात्र आता विसरा. ते परत येणार नाहीत, आणि 'एवढे भरलेत तर जायलाच हवं' हे आणखी वीस हजार घालायचं कारण होऊ शकत नाही. लिलावात दिलेली शिकार आउटफिटरला परवडते ती याच हिशोबावर. सात दिवस तो जवळपास फुकट देतो आणि कमाई ट्रॉफी फीतून करतो. यात फसवणूक काही नाही, सगळं छापलेल्या दरपत्रकात आहे. पण म्हणूनच लिलावातली बोली ही सहलीची किंमत मानता येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या सहलीचं बिल तिथे पोचल्यावर वाढतं, आणि ते वाढवणारे तुम्हीच असता. चौथ्या दिवशी कुडू मिळालेला असतो, मन भरून आलेलं असतं, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पीएच दुर्बीण तुमच्या हातात देतो आणि म्हणतो, तो मागचा ईलंड (मोठ्या हरणाची जात) बघा, असा पुन्हा दिसायचा नाही. तुमच्या दरपत्रकात ईलंड २,६०० ला आहे. त्या क्षणी ट्रिगरवरचं बोट २,६०० डॉलरचा निर्णय घेत असतं, आणि मुलीची फी तिथे कुणाच्या डोळ्यांसमोर नसते. शिवाय जखमी होऊन निसटलेल्या प्राण्याचीही पूर्ण फी द्यावी लागते. रक्ताचा थेंब दिसला की तो प्राणी तुमच्या बिलावर चढला. म्हणून यादी घरी बसून, वहिनींसमोर ठरवायची, पहिल्या संध्याकाळीच पीएचच्या हातात द्यायची आणि त्याला स्पष्ट सांगायचं की यापलीकडचं काही दाखवू नका. चांगले पीएच हे ऐकतात, त्यांनाही ते सोपं जातं.

आता कर्ज. 'व्याज माझं मलाच मिळतं' असं तुम्ही लिहिलंय. ते खरं आहे, पण अर्धंच. पाच वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी १२,००० घेतले तर पगारातून महिन्याला सुमारे २४६ डॉलर कापले जातील. आज तुमची महिन्याची बचत ९०० आहे, ती ६५४ वर येईल, आणि नेमकी मुलीच्या कॉलेजची जवळपास चारही वर्षं. एवढं करूनही उरलेले ९,२३० कुठून आणणार? आपत्कालीन निधीतूनच. मग तो ३१,००० वरून २१,७७० वर येतो, साडेचार महिन्यांच्या खर्चाऐवजी जेमतेम तीन महिने पुरेल एवढा.

हे मला टोचतं ते तुमच्या नोकरीमुळे. २०१५-१६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये ह्यूस्टनमधल्या तेल कंपन्यांनी कशी माणसं कमी केली ते तुम्ही आत बसून पाहिलंय. नोकरी गेली की ४०१(के)चं उरलेलं कर्ज साधारण त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत फेडावं लागतं. नाही फेडलं तर ती रक्कम काढून घेतली असं धरून त्यावर आयकर, आणि तुमचं वय साडेएकोणसाठच्या आत असल्याने वर १० टक्के दंड. पगार थांबलेला, निधी आटलेला आणि त्यात हे बिल. कुडूसाठी ही जोखीम घेऊ नका.

कॉलेजचा हिशोबही सांगतो, कारण पुढे ढकलण्याचा माझा आग्रह त्यावर उभा आहे. ऑस्टिनला राज्यातल्या मुलांना राहण्या-खाण्यासह वर्षाला ३०,००० च्या आसपास धरा, चार वर्षांचे १,२०,०००. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) ६२,००० आहेत. कमी पडतात ५८,०००. महिन्याचे ९०० आणि दरवर्षीचा करानंतरचा ७,००० बोनस धरला तर चार वर्षांत ७१,२०० जमतात. म्हणजे कर्जाशिवाय हे जमतं आणि फीवाढीला थोडी जागाही उरते. कर्ज घेतलंत तर ५९,४०० जमतील. ५८,००० च्या गरजेला ५९,४००, मध्ये गाडी बिघडायलाही जागा नाही.

पुढचा जून का, तर तुमच्या लिलावाच्या कागदावर दोन हंगामांची मुदत आहे. नामिबियात ट्रॉफी शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असतो, त्यामुळे मुलीचं ग्रॅज्युएशन उरकून जूनच्या उत्तरार्धात सहज जाता येईल. हातात चौदा महिने आहेत. महिन्याला ५०० वेगळ्या खात्यात टाकलेत तर ७,०००, आणि येत्या बोनसमधले ४,६००. झाले ११,६००. हे पैसे एरवी मुलीच्या शिक्षणासाठी गेले असते, हे तिघांनी एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. मला ते परवडण्यासारखं वाटतं, पण निर्णय तिच्या नकळत होऊ नये.

या रकमेत बसणारी सहल अशी: यादीतून झेब्रा आणि हार्टबीस्ट काढा, २,००० वाचले. हार्टमन झेब्रा साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्याला नामिबियाचा वेगळा निर्यात परवाना लागतो आणि कागद अडकले की तुमचं सगळं खोकंच अडकून पडतं. कुडू आणि गेम्सबॉकला ती भानगड नाही. वाचलेल्यातले १,२०० एटोशा राष्ट्रीय उद्यानासाठी ठेवा. तुमचं फार्म ओच्चीवरोंगोजवळ आहे, तिथून उद्यान काही तासांवर. तीन-चार दिवस ओकाउक्वेयोच्या पाणवठ्याजवळ राहा. रात्री तिथे दिवे लावलेले असतात. गेंडे, हत्ती पाण्यावर येतात आणि माणसं दगडी भिंतीमागे गप्प बसून बघत असतात. वहिनींना शिकार बघायची नाही, आफ्रिका बघायची आहे, असं तुम्हीच लिहिलंय. बचत दोघांची आहे, मग सहलही दोघांची हवी. शिकार करावी की करू नये हे मी तुम्हाला सांगणार नाही, पण घरातल्या एका माणसाचा विरोध असताना एवढी रक्कम खर्च झाली की ती पुढे वर्षानुवर्षं भांडणात निघते, हे मी या कामात पुष्कळ पाहिलंय. जखमी प्राण्याच्या फीसाठी ८५० बाजूला ठेवा. सगळं मिळून ११,५८०.

डोकी यात नाहीत. फोटो आणा. अगदीच राहवत नसेल तर कुडूची नुसती कवटी आणि शिंगं, दुसऱ्या एखाद्या शिकाऱ्याच्या खोक्यात वाटणी करून, आणि तीही बोनस जास्त आला तरच. वडिलांसाठी स्प्रिंगबॉकचं कातडं साताऱ्याला न्यायचा विचार सोडून द्या; परवान्याशिवाय ते सामानात घालून नेणं म्हणजे मुंबईच्या कस्टम्सला आमंत्रण. मांसाची काळजी करू नका. ते अमेरिकेत आणता येत नाही, पण वायाही जात नाही, तिथल्या जेवणात आणि कामगारांच्या घरी जातं.

करसवलतीबद्दल दोन गोष्टी. लिलावाचे २,८०० देणगी म्हणून दाखवता येतील का? नाही. मिळालेल्या वस्तूच्या बाजारभावापेक्षा जास्त दिलं असेल तर तेवढ्याच फरकाला वजावट मिळते. दरपत्रकाप्रमाणे तुमचे दिवस ३५० ने, वहिनींचे १५० ने, म्हणजे सात दिवसांचे ३,५००, अधिक स्प्रिंगबॉक ४५० आणि वॉर्टहॉग ४००. बाजारभाव ४,३५०. तुम्ही त्याहून कमी दिलेत, त्यामुळे वजावट शून्य. आणि 'डोकी एखाद्या संग्रहालयाला देऊन सगळी सहल करातून वळती करा' हा तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला ऐकू नका. २००६ च्या कायद्याने ती वाट बंद केली. आता फार तर टॅक्सीडर्मीचा खर्च धरता येतो, प्रवास आणि शिकारीचा नाही.

'पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो' असंही तुम्ही लिहिलंय. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावांच्या सामुदायिक कॉन्झर्व्हन्सींना (गावकऱ्यांनी मिळून सांभाळलेल्या वन्यजीव क्षेत्रांना) वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले, आणि तिथल्या शिकारीचं उत्पन्न गावाला मिळतं. तुमची शिकार मात्र खाजगी फार्मवर आहे, तिथली फी मालकाची. प्राणी उत्पन्न देतात म्हणून तो जमीन निव्वळ गुरांना न देता त्यांना राखतो, हे खरं. तरी हा खर्च तुमच्या हौसेचा आहे आणि हौसेच्या खात्यातच मांडा. दानाच्या खात्यात टाकला की हात सैल सुटतो.

या आठवड्यात आउटफिटरला एक ईमेल करा. तारीख पुढच्या जूनवर नेणं, हेच दर पुढच्या हंगामातही राहतील का, दरात १५ टक्के व्हॅट धरलाय का, जखमी प्राण्याचा नियम नेमका काय, आणि रायफल भाड्याने मिळेल ना. स्वतःची बंदूक नेऊ नका, जोहान्सबर्गला विमान बदलताना परवान्यांची कटकट वाढते. उत्तरं लेखी येईपर्यंत तिकीट काढू नका, आणि ४०१(के)चा फॉर्म भरला असेल तर तो आजच रद्द करा.