अर्काची पहिली चाचणी: आधी कंट्रोल नीट लाव

वनस्पतींचा अर्क जिवाणूंची वाढ रोखतो का, हे तुला प्लेटवर तपासायचं आहे आणि त्यासाठी सहा वनस्पती घ्यायचा तुझा विचार आहे. सहा एकदम घेऊ नकोस. एकच घे, ती नेमकी कोणती हे जाणकाराकडून ओळखून घे आणि तिच्यावर हात बसू दे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी सोबत लावलेली चाचणी. अर्क डीएमएसओत (एक द्रावक) विरघळवलास, तर त्याच प्लेटवर नुसत्या डीएमएसओची एक विहीर (आगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, पाडलेलं छोटं भोक) हवीच, अर्कात आहे तितक्याच प्रमाणात. सोबत एखाद्या अँटिबायोटिकची डिस्क (औषध लावलेली कागदी चकती). माझ्या पहिल्या प्लेटवर सुरेख गोल झोन (जिवाणू न वाढलेला भाग) आला होता. पुन्हा करताना शेजारच्या विहिरीत नुसतं इथेनॉल घातलं, तर तिच्याभोवतीही झोन! अर्क काढायला वापरलेलं इथेनॉल पूर्ण उडालंच नव्हतं. आठवडाभराचं काम गेलं, फार वाईट वाटलं.

सुरुवातीच्या आणखी काही चुका:

- जिवाणूंचं प्रमाण अंदाजाने घेणं. जिवाणूंच्या द्रवाचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंडशी (गढूळपणा मोजायचं ठरलेलं प्रमाण) जुळव आणि १५ मिनिटांत प्लेटवर पसरव.
- आगर कमी-जास्त ओतणं. म्युलर-हिंटन आगर सगळीकडे ४ मिमी हवं. पातळ झालं की झोन उगाच मोठा दिसतो.
- एकाच प्लेटवर विसंबणं. किमान तीन कर, वेगवेगळ्या दिवशी.

झोन मोठा म्हणजे अर्क जास्त प्रभावी, असं लगेच लिहू नकोस. तेलकट घटक आगरमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे चांगला अर्कही तिथे मागे पडतो. एमआयसीचं (जिवाणूंची वाढ थांबवणारं अर्काचं सगळ्यात कमी प्रमाण) नंतर बघू.

काम प्रयोगशाळेतच कर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय टाकायच्या नाहीत. पहिली प्लेट झाली की झोन मिमीत मोजून मला कळव, कंट्रोलचे आकडेसुद्धा.